संशयाची ओळ

खाडीकाठच्या त्या गावात सुगंधा धुरी पोलीस पाटील झाली त्याला चौदा वर्षे होत आली होती. तिचे माहेर आणि सासर एकाच गावात. मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावरचा साकव, एवढेच अंतर. नवरा दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागेवर मुकादम, पंधरवड्याने घरी येणारा. मुलगी लग्न होऊन म्हापशाला गेलेली. घरात ती एकटी असायची, आणि सोबतीला दारावरची निळी पाटी.

नेमणूक झाली तेव्हा गाव गालात हसले होते. पण पहिल्याच वर्षी काजूच्या चोरीत एक गडी तिच्यासमोर शपथेवर म्हणाला, "मी आत्ताच खाडीतसून कालवां काढून येतंय." सुगंधाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "मगे पाय सुके कसे रे तुझे?" तेव्हापासून लोक तिच्यासमोर जपून बोलू लागले, आणि तिला ते आवडत असे. जे सांगितले जाते त्यात न बसणारी गोष्ट नेमकी हेरणे हा तिचा गुण होता. कोणताही गुण इतकी वर्षे वापरात राहिला की त्याचा स्वभाव होतो आणि मग तो आपल्या माणसांपुढेही थांबत नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते.

गावात कोणाचा अवचित मृत्यू झाला की पोलिसांना खबर देणे हे तिचे काम. मग पंचनामा, मग घरच्यांचे जबाब. प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असे: 'सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही अगर कोणाविरुद्ध तक्रार नाही.' बुडालेल्या खलाशाच्या आईला, सर्पदंशाने गेलेल्या मुलीच्या बापाला तिने या ओळीखाली बोट ठेवून सांगितले होते, "हय सही करा." ती या ओळीला कागद पुरा करणारी ओळ समजत होती.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिचा धाकटा भाऊ सुशांत याने स्वतःचे आयुष्य संपवले, तेव्हा ती ओळ तिच्या स्वतःच्या जबाबात आली. तिला सही करता येईना.

तेरावे होऊन आठवडा झाला होता. पोलीस दूरक्षेत्राच्या लहानशा खोलीत हवालदार सत्यवान कागद पुढ्यात घेऊन बसले होते. ते मूळचे आंबोलीचे, स्वभावाने सबुरीचे.

"पाटीलबाई, बाकी सगळ्यांचे जबाब झाले. तुमचा एकटा राहिलाय. कागद तहसीलदारांकडे पाठवायचा म्हणजे..."

"भक्तीचो जबाब वाचून दाखवा."

भक्ती ही सुशांतची बायको. सत्यवान यांनी क्षणभर पाहिले आणि वाचायला घेतले. 'माझे पतीस सुमारे आठ वर्षांपासून मानसिक आजार होता. त्या दिवशी सकाळी मी औषधे आणणेकामी कणकवलीस गेले. मुलगी शाळेत गेली होती. पती घरी एकटेच होते. मी कोणास बोलावले नव्हते.'

"शेवटचा परत वाचा."

'मी कोणास बोलावले नव्हते.'

"माझो संशय आसा," सुगंधा म्हणाली.

सत्यवान यांनी पेनाचे टोपण लावले. "कोणावर?"

"सोमवारी सांगतंय."

"विचार करून सांगा. तुम्ही नाव घेतलंत की मला त्या बाईला चौकशीला बोलवावं लागणार. त्यानंतर ते तुमच्याही हातात राहत नाही आणि माझ्याही. पोरगी चौदा वर्षांची ना तिची?"

"माका कायदो शिकवू नकात, सत्यवान."

तो गुरुवार होता. सोमवारपर्यंत चार दिवस होते आणि त्या चार दिवसांत तिला ठरवायचे होते की भावाच्या मृत्यूसाठी त्याच्या बायकोचे नाव द्यायचे की नाही. दुःखाला बसून राहण्याखेरीज काही करता येत नाही. संशयाला मात्र काम असते. सुगंधाने काम पत्करले होते. गावातल्या चार जाणत्यांनी "देवाक कौल लावून बघूया, भायरचा काय आसात तर कळात" असे सुचवले तेव्हा तिने त्यांना दारातूनच परत पाठवले होते. बाहेरच्या बाधेवर तिचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो पुराव्यावर. आणि पुरावा तिच्याकडे होता.

भक्तीच्या जबाबातले शेवटचे वाक्य खोटे होते. ते खोटे आहे हे जगात फक्त दोघींना ठाऊक होते: भक्तीला आणि सुगंधाला.

त्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सुगंधाचा फोन वाजला होता. भक्ती म्हणाली, "तायनू, मी कणकवलीक जातंय. दोनच्या गाडयेन परत येतंय. तोपर्यंत ह्येंच्यार जरा लक्ष ठेवशात?"

लक्ष ठेवणे. घराघरांत हे शब्द चुलीवरच्या दुधाबद्दल वापरतात, पाळण्यातल्या मुलाबद्दल वापरतात. पण चौदा वर्षे सुगंधाच्या कानावर ते ठाण्यातून येत होते. अमक्यावर लक्ष ठेवा, तो जामिनावर सुटलाय. तमक्याच्या घरावर लक्ष ठेवा. तिच्या कानाने शब्द ऐकले ते त्याच अर्थाने.

"लक्ष? तो काय तडीपार केलेलो गुन्हेगार आसा? परवाच माझ्याकडे येवन हसान-खेळान गेलो. बरो आसा तो. तूच तेका आजारी करून ठेवलंस."

भक्ती "बरा तर" म्हणाली आणि फोन ठेवला.

हे बोलणे सुगंधाने आपल्या वहीत लिहिले नव्हते. वहीत बाकी सगळे होते. बाई खोटे बोलते ती काहीतरी झाकण्यासाठी, एवढेच ती स्वतःला सांगत होती. भक्ती काय झाकते आहे, हा प्रश्न ती दिवसातून दहा वेळा घासून पुसून पाही. भक्ती कोणाला झाकते आहे, हा प्रश्न तिने एकदाही स्वतःला विचारला नाही.

सुशांतचा आजार आठ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात उघड झाला. तो बोटीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेत असे. त्या उन्हाळ्यात त्याला झोप नकोशी झाली. घरामागे सहा खोल्यांचा पाया त्याने आठवड्यात खणून घेतला, ओळख ना पाळख अशा माणसांना फोन करून बेत सांगितले, सगळ्या वाडीला जेवणाचे आमंत्रण दिले. आणि पाऊस लागायच्या आत तोच माणूस भिंतीकडे तोंड करून निजला तो दोन महिने उठला नाही. खणलेल्या चरांत पाणी साचले, बेडूक ओरडू लागले. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितले की हा मनाच्या चढउताराचा आजार आहे, बायपोलर म्हणतात, औषध बहुधा कायमचे लागेल. गोळ्या सुरू झाल्या, सुशांत सावरला, बोट पुन्हा पाण्यात गेली. सुगंधाने आपल्या मनात ते प्रकरण निकाली काढले. 'कायमचे' हा शब्द तिने ऐकला होता, पण निकाली निघालेल्या प्रकरणात त्याला जागा नव्हती.

आणि शेवटच्या भेटीचा तर तिला पक्का आधार होता. जाण्याच्या तीन दिवस आधी सुशांत साकव ओलांडून तिच्याकडे आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"गो ताये, तुझ्या हातची आंबोळी खावची होती."

चार आंबोळ्या त्याने काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर खाल्ल्या. निघताना गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली. डॉल्फिन शोधायची ती दुर्बीण त्याने कधी कोणाला हात लावू दिली नव्हती.

"ही रे कित्याक माका?"

"तुका चोर बघूक. हयसूनच बघ, दारात उभ्यान."

ती हसली होती. तोही हसला होता. इतका निवांत तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. म्हणून सुगंधाचा निष्कर्ष सरळ होता: माणूस बरा झालेला होता, बऱ्या माणसाला तीन दिवसांत मरणाकडे ढकलणारे काहीतरी त्या घरात घडले, आणि घरात दुसरे मोठे माणूस एकच होते.

वहीतल्या बाकीच्या नोंदी याच दिशेने गेल्या. पंचनाम्याच्या वेळी सुशांतच्या गोळ्या भक्तीच्या लोखंडी पेटीत कुलपाखाली सापडल्या होत्या. आजारी माणसाचे औषध बायको कुलपात का ठेवते? भक्ती तेराव्यापर्यंत एकदाही मोठ्याने रडली नव्हती. आणि फोन. शुक्रवारी अक्षया, भक्तीची मुलगी, आत्याकडे चहापूड मागायला आली तेव्हा तिच्या हातात आईचा फोन होता. सुगंधाने तो "बघू गो, किती वाजले" म्हणून घेतला आणि पाहिले. 'समर्थ' या नावावर दोन महिन्यांत चाळीसवर फोन. कधी पाच मिनिटे, कधी पाऊण तास. तिने नंबर पाठ केला आणि फोन परत दिला.

"आत्ये, तू आमच्याकडे येणस कित्याक नाय आता?" अक्षयाने विचारले.

"येतलंय. काम आसा."

"आये म्हणता, आत्येक सवड मिळात तेवा येतली." मुलगी पुडी घेऊन गेली. सुगंधाला वाटले, हे वाक्यही पढवलेले असणार.

शनिवारी दुपारी, भक्तीच्या घराकडे खांद्याला पिशवी लावलेली एक अनोळखी बाई जाताना दिसली. सुगंधा मागोमाग साकव ओलांडून गेली. ओटीवर ती बाई भक्तीसमोर बसली होती; पस्तिशीची, साधी, वहाणा काढून ठेवलेल्या.

"तुमी कोण?"

"मी रसिका. जिल्हा रुग्णालयातसून इलंय. थय मानसोपचार विभागात समुपदेशक आसंय. घरातला माणूस असो गेलो की मागे रवलेल्यांका भेटूक येतंव आमी."

सरकारी बाई मालवणी बोलत होती. सुगंधाला ते खटकले. कचेरीतली माणसे कचेरीची भाषा सोडून घरची बोलू लागली की त्यांना तुमच्याकडून काहीतरी काढून घ्यायचे असते, असा तिचा अनुभव होता. ती स्वतः तेच करत आली होती.

"ओळखपत्र बघू. आणि फोन नंबर सांगा, माझ्या रजिस्टराक लिवचो लागता."

रसिकाने कार्ड पुढे केले आणि नंबर सांगितला. सुगंधा लिहू लागली. पाचव्या आकड्यावर तिचा हात मंदावला, आठव्यावर थांबला. उरलेले दोन आकडे तिने न ऐकता लिहिले.

"हो नंबर हिच्या फोनात समर्थ म्हणान आसा," ती म्हणाली. "समर्थ कोण?"

भक्तीने नजर वर केली. या पंधरा-वीस दिवसांत तिचा चेहरा निम्मा झाला होता. "समर्थ म्हणजे मालवणात बोटीची इंजिना दुरुस्त करणारो. ह्येंनी फोन बघल्यानी तर रुग्णालयाचा नाव दिसाक नको, म्हणान त्याचा नाव घातलंय."

"आणि गोळये कुलपात?"

उत्तर रसिकाने दिले. "त्यो डॉक्टरांनीच कुलपात ठेवूक सांगितल्यानी. आजार खाली गेलो की घरात गोळयांचो साठो माणसाच्या हाताक लागता नये. रोजच्या तेवढयो काढून देवच्यो. भक्ती चार महिने ता करत होती, एक दिवस चुकवल्यान नाय."

"चार महिने?" सुगंधा म्हणाली. "चार महिने तो आजारी होतो?"

भक्तीने मान डोलावली. आडाच्या रहाटाचा आवाज शेजारच्या परड्यातून येत राहिला.

"माका कोणी सांगल्यान नाय." तिचा आवाज चढला. "सख्खी भयण मी. पाच मिनटांच्या वाटेर. माका कित्याक सांगलंस नाय गो?"

"ह्येंनी शपथ घातल्यानी माका." भक्ती हळू बोलत होती, पण शब्द गिळत नव्हती. "म्हणाले, तायेक सांगा नको. ती इचारपूस करणा नाय, चौकशी करता."

सुगंधाने बसण्यासाठी भिंतीचा आधार घेतला. असे कोणी तिच्या तोंडावर कधी म्हटले नव्हते, आणि हे म्हणणारा आता उलटतपासणीच्या पलीकडे गेला होता. तरीही तिच्या आतला पाटील उठून उभा राहिला. "पण तो बरो झालेलो! तीन दिवस आधी मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. हसत होतो. चार आंबोळये खाल्ल्यान. माझी काय दृष्टी गेली?"

रसिका तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "तुमी बघल्यात ता खराच. तो शांत होतो. पण माणूस कधी बरो होता म्हणान शांत होता, आणि कधी मनात ठरवन टाकल्यार शांत होता. भायरसून दोनय सारखीच दिसतत. आमकाय कितीदा कळणा नाय."

"काय देवन गेलेलो तुमका?" रसिकाने विचारले.

सुगंधाच्या डोळ्यांपुढे दुर्बीण आली. पण ती तिथून उठली नाही. रसिकाने दोनदा सुचवले की भक्तीशी थोडे एकटीने बोलायचे आहे, दोन्ही वेळा सुगंधा म्हणाली, "माझ्यासमोर बोला." नंबर जुळला होता, कुलपाचा उलगडा झाला होता, पण जबाबातले ते वाक्य अजून खोटेच होते, आणि तिला वाटत होते की आपण उठून गेलो की खरे बोलणे आपल्यामागे होईल. भक्ती पदराचे टोक गुंडाळत बसली. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने "बरा आसंय" एवढेच म्हटले.

गाडीची वेळ झाली तेव्हा सुगंधा रसिकाला साकवाजवळच्या थांब्यापर्यंत पोचवायला गेली. बाई खरोखर गावाबाहेर जाते की नाही ते पाहायला, असे तिने स्वतःला सांगितले.

"मंगळवारी परत येतंय," रसिका म्हणाली. "तेवा माका तिच्याकडे एकटीकडे बसाक देवा. पोलीस पाटील, एक सांगतंय, राग मानू नकात. असा माणूस गेल्यार मागे रवलेल्यांचोय जीव धोक्यात असता. तिच्याकडे बघा. आणि काय वायला-वेगळा दिसला तर थेट इचारा, जीव देवचो असा वाटता काय म्हणान. इचारल्यान तो इचार कोणाच्या डोक्यात शिरणा नाय. असलो तर भायर येता."

"असा कोण इचारता तोंडार?"

"कोणच इचारणा नाय. ताच तर."

गाडी आली आणि रसिका चढली. पण गाडी वळणाआड गेल्यावरही ती बराच वेळ तेथेच उभी होती. एक प्रश्न तिने मागे टाकला होता तो आता तिच्या पुढे येऊन बसला होता: त्या सकाळी आपण गेलो असतो तर? आणि त्याच्याच पाठीला लागलेला दुसरा: भक्तीने तो फोन जबाबातून का गाळला?

रविवारी तिसऱ्या प्रहरी भक्ती स्वतःच आली. केस नीट विंचरलेले, साडी स्वच्छ. हातात प्लास्टिकची फाइल होती आणि एक लहानसा डबा.

"बसा, तायनू, उठू नकात. ह्या अक्षयाचा सगळा. शाळेचो दाखलो, आधार, जन्माचो दाखलो. आणि ह्या डब्यात माझ्या आवशीचे कानातले कुडी आसत. तिच्या लग्नात तिका घाला."

"तिच्या लग्नाक अजून धा वर्षां आसत. तुझ्याकडे ठेव मगे."

"तुमच्याकडे बरा रवतला. माका आता बरा वाटता, तायनू. काल पयल्यांदा झोप लागली." आणि ती हसली.

सुगंधाने तिच्याकडे पाहिले. काजूच्या चोराच्या सुक्या पायांकडे जसे पाहिले होते, तसे पाहिले. जे सांगितले जात होते त्यात काहीतरी बसत नव्हते. कालपर्यंत पदराचे टोक सोडायला तयार नसलेली बाई आज निवांत उभी होती. घर आवरून झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तसे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होते, आणि सुगंधा ते दुसऱ्यांदा पाहत होती.

पहिल्या वेळी तिने त्याला बरे होणे म्हटले होते.

तिने फाइल घेतली नाही. दार लोटून घेतले. चौदा वर्षांत तिने लोकांना शेकडो प्रश्न विचारले होते. एकही प्रश्न असा नव्हता की ज्याच्या उत्तराची तिला भीती वाटावी.

"भक्ती, हय बस. माझ्याकडे बघ. तुका जीव देवचो असा वाटता?"

भक्तीचे हसू तसेच राहिले, मग विझले. तिने फाइल आणि डबा खाली ठेवला.

"वाटता," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"ह्ये गेले त्या दिसापासून. काल ठरयलंय, तेवा झोप लागली."

मग तिला रडू फुटले. इतके दिवस वाडीने ज्याची वाट पाहिली होती ते रडणे या बंद दाराआड आले, आणि सुगंधाने तिला गप्प केले नाही. तिने भक्तीचा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने रजिस्टर ओढून घेतले, रसिकाचा नंबर लावला. रसिकाने दुसऱ्या घंटेला उचलला. तिने काय ठरले आहे ते विचारले, भक्तीशी पाऊण तास बोलली. मग सुगंधाला काय काय दूर ठेवायचे ते सांगितले, आणि सकाळी पहिल्या वेळेला दोघींनी रुग्णालयात यायचे ठरले. "तोपर्यंत तिका एकटी सोडू नकात. न्हाणीत गेली तरी दार नुसता लोटून." अक्षयाला बोलावून घेतले. तिघींनी एकत्र पेज घेतली.

जेवणानंतर अक्षया भांडी घासत असताना सुगंधाने विचारले. चौकशी म्हणून नव्हे; पण आवाज तिला दुसरा येतच नव्हता.

"जबाबात खोटा कित्याक लिवलंस गो? कोणाक बोलयलंय नाय म्हणान?"

भक्तीने मोरीकडे, मुलीच्या पाठीकडे पाहिले. "बापूस गेलो तिचो. मी रवलंय नसतंय. मगे आत्ये तरी होयी ना तिका. गावान तुमका बोल लावल्यान असते तर तुमी तिका तोंड दाखवूक शकला नसतात."

सुगंधा म्हणाली, "माझो तुझ्यार संशय होतो."

"माका ठावक होता."

"मगे कायच कशी बोललंस नाय?"

"काय बोलतलंय? तुमी इचारल्यात खंय?"

सोमवारी सकाळी गावातली रिक्षा दूरक्षेत्रासमोर थांबली. अक्षयाला शाळेच्या बाईंच्या स्वाधीन केले होते. मागे भक्ती आणि सुगंधा बसल्या होत्या. सत्यवान दारात आले.

"आत या, पाटीलबाई. कागद तयार आहे."

"भायर घेवन या. मी रिक्षेतसून उतरूचंय नाय."

त्यांनी भक्तीकडे पाहिले, सुगंधाच्या मुठीत धरलेल्या तिच्या मनगटाकडे पाहिले आणि मुकाट्याने कागद बाहेर आणला. सुगंधाने तो मांडीवर घेतला. "हेच्यात एक वाक्य वाढवचा आसा. लिवा. त्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी भावजयीने मला फोन करून, भावाकडे येऊन बसण्यास सांगितले. मी गेले नाही."

"हे..." सत्यवान घुटमळले. "असं लिहिलं तर तिचा जबाब खोटा ठरतो. आणि तुमच्यावरही प्रश्न येतात."

"माझ्यार येवंदेत. तिचो जबाब तिना नवऱ्याच्या तेराव्याआधी दिलेलो. परत घेवा. पण आज नाय."

"का?"

"आज तिका काम आसा."

सत्यवान यांनी वाक्य लिहिले. खाली ती ठरलेली छापील ओळ होती. सुगंधाने ती पहिल्यांदाच शब्दाशब्दाने वाचली आणि सही केली.

रुग्णालयात गर्दी होती. रसिकाने नंबर आधीच लावून ठेवला होता, तरी तासभर बाकावर बसावे लागले. भक्तीने मध्येच उठून "आता बरा वाटता, जावया घराक" म्हटले. सुगंधा म्हणाली, "बरा वाटता तर बसाक काय त्रास आसा?" शेजारच्या बाकावरची म्हातारी हसली. भक्तीलाही किंचित हसू आले आणि ती परत बसली.

डॉक्टर तरुण होते, घाटावरचे. त्यांनी भक्तीला आत घेतले, सुगंधाला बाहेर थांबायला सांगितले. दार बंद झाले.

सुगंधा उठून दाराजवळ गेली. आतले बोलणे ऐकू येण्याइतके दार पातळ होते. भक्तीचा आवाज आला, कचेरीत येतो तसा, धुतलेला: "तसं काही विशेष नाही, डॉक्टर. थोडी झोप कमी आहे."

आता आत काय बोलायचे हे भक्तीचे होते, आणि ऐकणे हे सुगंधाचे काम नव्हते. हे तिला कळत होते. तरी तिने दारावर टिचकी मारली आणि फटीतून डोके आत घातले.

"डॉक्टर, तिची भाषा ही न्हय. रसिकाबाईंका भुतुर बोलवा, आणि तिका मालवणीत इचारा. मी भायर बसतंय."

डॉक्टरांनी भक्तीकडे पाहिले. भक्तीने मान खाली घातली, आणि मग होकारार्थी हलवली. रसिका आत गेली. सुगंधाने दार ओढून घेतले, इतके की आतला आवाज येऊ नये. मग ती बाकावर त्या म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली.

"कोण ती तुझी?" म्हातारीने विचारले.

"भावजय."

"काय झाला तिका?"

सुगंधाने तोंड उघडले. गावात असती तर तिने ताप म्हटले असते, अशक्तपणा म्हटले असते.

"घोव गेलो तिचो," ती म्हणाली. "माझो भाव. आपणहून गेलो. आणि आता हिकाय जगूचा नको वाटता. म्हणान हाडलंय."

म्हातारीने आपली पिशवी थोडी बाजूला सरकवली, सुगंधाला नीट बसता यावे म्हणून.

"माझोय झील, माझो पोरगो, आसा भुतुर वॉर्डात," ती म्हणाली. "तिसरी फेरी."